‘मात’ हा शब्द आम्हांला मान्य नाही

आजारी खेळाडूच्या कथेचा एक साचा आपल्या वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी आता इतका पक्का केला आहे की पहिला परिच्छेद वाचून शेवटचा सांगता यावा. आधी गुणी बालपण. मग एके दिवशी निदान आणि पायाखालची सरकलेली जमीन. मग आईची माया, वडिलांचा धीर, प्रशिक्षकांचा विश्वास आणि या सर्वांवर भुरभुरलेली दुर्दम्य इच्छाशक्ती. शेवटी पदक, आणि वर ठळक अक्षरांत मथळा: अमुक आजारावर तमुक यांची मात. आमचा आक्षेप त्या खेळाडूंवर नाही. त्यांच्या कष्टांपुढे आम्ही नम्र आहोत. आक्षेप मथळ्यातल्या शेवटच्या शब्दावर आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्याचे कारण इतकेच की हा आक्षेप वैद्यकीय असण्याच्या आधी भाषेचा आहे, आणि भाषेची चूक इथे माणसाच्या जिवावर बेतू शकते.

‘मात’ हा बुद्धिबळाच्या पटावरचा शब्द. मात झाली की डाव संपतो, सोंगट्या डब्यात जातात, खेळाडू हात मिळवून घरी जातात. मोडलेला हात, काढून टाकलेले अपेंडिक्स, बरा झालेला विषमज्वर यांना हा शब्द एक वेळ शोभेल. क्रोन्ससारख्या आतड्याच्या दीर्घ आजाराला तो शोभत नाही, कारण त्या डावाला शेवट नाही. उद्रेक येतो, ओसरतो, काही महिने किंवा काही वर्षे शांततेची जातात, पुन्हा उद्रेक येऊ शकतो. मराठी व्याकरणात यासाठी रीतिकाळ आहे: ‘करीत असतो’, ‘जपत असतो’, ‘सावरत असतो’. या आजाराचे सगळे आयुष्य रीतिकाळात चालते, आणि आपल्या पुरवण्या ते पूर्ण भूतकाळात लिहितात. काळाची ही चूक विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत केली तर आपण गुण कापतो. पुरवणीत केली तर डोळे पुसतो.

आम्हांला स्वतःला हा आजार आहे. एवढे सांगून तो विषय येथेच संपवतो. आणखी सांगत गेलो तर ज्या साच्यावर टीका करायला बसलो, त्याच साच्यात आमचा लेख जाऊन पडेल.

प्रथम आजार समजून घेऊ. १९३२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांनी चौदा रुग्णांचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे लावली गेली, क्रोन पहिले आले आणि आजाराला त्यांचे नाव चिकटले. त्याआधी १९१३ साली स्कॉटलंडमधील शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी अशाच रुग्णांचे वर्णन केले होते. वर्णमालेने आणि काळाने त्यांना न्याय दिला नाही. त्या तिघांना हा आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागापुरता वाटला. पुढे कळले की तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात तो कोठेही होऊ शकतो. मधला भाग निरोगी सोडून पुढे पुन्हा उमटतो. आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरतो. त्यामुळे कोठे आतडे अरुंद होते, तर कोठे दोन अवयवांमध्ये नको ती वाट फुटते. रोगट भाग कापून काढला की काम झाले, ही आशाही टिकली नाही. जेथे आतडे जोडले, त्या जोडापाशीच तो पुष्कळदा परत येतो. म्हणजे या आजाराच्या शास्त्रीय इतिहासाचा आरंभही ‘मात’ या कल्पनेने झाला, आणि शास्त्राने ती कल्पना पुढे सोडून दिली. आपल्या गद्याने ती अजून सोडलेली नाही.

आता खेळाडूंकडे वळू. अमेरिकेची जलतरणपटू कॅथलीन बेकर हिला क्रोन्सचे निदान वयाच्या तेराव्या वर्षी झाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये रौप्यपदक मिळवले आणि मेडले रिलेच्या सुवर्णपदकात वाटा उचलला. जुलै २०१८ मध्ये अर्व्हाइन येथे तिने हेच अंतर ५८.०० सेकंदांत पोहून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी तो मोडला गेला. अमेरिकन फुटबॉलमधील डेव्हिड गॅरार्ड यांना २००४ साली क्रोन्सचे निदान झाले, त्याच वर्षी त्यांच्या आतड्याचा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला, आणि २००७ च्या हंगामात जॅक्सनव्हिलच्या संघाचे नेतृत्व करीत त्यांनी संघाला बाद फेरीत नेले. क्रोन्सचे सख्खे भावंड म्हणावे अशा अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान वल्हवणारे स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९२ साली झाले, १९९७ साली मधुमेहाची भर पडली, आणि २००० साली सिडनीत त्यांनी सलग पाचव्या ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतले.

या तपशिलांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते: आतड्याचा दीर्घ आजार आणि उच्च दर्जाचा खेळ एका शरीरात नांदू शकतात. ही मोठी गोष्ट आहे. परंतु ‘नांदणे’ आणि ‘मात करणे’ ही क्रियापदे एकमेकांची पर्यायी नाहीत. पदकाच्या दिवशीही बेकरला क्रोन्स होताच. तो हरला म्हणून ती जिंकली असे झालेले नाही. तो शांत ठेवला गेला, आणि ती इतर स्पर्धकांशी स्पर्धा करून जिंकली किंवा हरली. तिची स्पर्धा पाण्यात होती. आतड्याशी तिचा संबंध स्पर्धेचा नव्हता, व्यवस्थेचा होता. या व्यवस्थेचे वर्णन आपल्या कथांत कोठे असते? औषधांचे वेळापत्रक, रक्ततपासण्या, सरावाचे प्रमाण कमी-जास्त करण्याची मुभा, आहारतज्ज्ञ, विमा, आणि या सर्वांचा खर्च. साचा हे सारे गाळतो आणि त्या जागी एकच नाम ठेवतो: जिद्द. जिद्द फुकट असते, म्हणून ती साच्याला परवडते.

आता जिवावर बेतणे म्हणजे काय, ते सांगतो. एका सोळा-सतरा वर्षांच्या धावपटूची कल्पना करा. निदान होऊन वर्ष झाले आहे, औषधाने बरे वाटते आहे, पुन्हा मैदानावर जाणे सुरू झाले आहे. घरच्यांनी कौतुकाने चार मात-कथा कात्रण करून दिल्या आहेत. या वाचनातून तो दोन निष्कर्ष काढू शकतो आणि दोन्ही घातक आहेत. पहिला: मला आता बरे वाटते, म्हणजे मी जिंकलो, म्हणून औषध बंद. शांततेच्या काळात औषध बंद करणे हे उद्रेकाला दिलेले आमंत्रण ठरू शकते. दुसरा निष्कर्ष पुढच्या उद्रेकाच्या वेळी निघतो: मी हरलो, म्हणजे माझी जिद्द कमी पडली. आजाराने पोट धरलेलेच असते; आता कथेने मानही खाली घालायला लावली. ज्या गद्याचे असे दोनच निष्कर्ष निघतात, त्याला प्रेरणादायी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

लज्जेचा विषय निघालाच आहे. मँचेस्टर युनायटेडचे डॅरन फ्लेचर यांनी आपला कोलायटिस बराच काळ संघातील सहकाऱ्यांपासूनही लपवला होता. डिसेंबर २०११ मध्ये ते खेळातून दीर्घ रजेवर गेले तेव्हा तो जगापुढे आला. गुडघ्याची दुखापत खेळाडू अभिमानाने सांगतो. दिवसातून दहा वेळा शौचाला जावे लागते हे सांगणे त्याला अवघड जाते. का? कारण सभ्य भाषेने या अनुभवाला शब्दच ठेवलेले नाहीत. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावरील निबंधात इंग्रजी भाषेच्या याच दारिद्र्याची तक्रार केली होती. मराठीची स्थिती वेगळी नाही. आपल्याकडे पोट हे भुकेचे रूपक आहे, मायेचे रूपक आहे, उपजीविकेचे रूपक आहे. ‘पोटचा गोळा’, ‘पोटापाण्याचा प्रश्न’, ‘आधी पोटोबा मग विठोबा’. पोटाला इतके अर्थ चिकटवल्यावर प्रत्यक्ष पोटाला स्वतःचे काही सांगायची पाळी येते, तेव्हा भाषा खाली पाहते.

सुसान सोंटॅग यांचे ‘इलनेस ॲज मेटाफर’ १९७८ साली आले. क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती साचलेल्या रूपकांची झाडाझडती त्यात आहे, आणि आपल्या वर्गांतून ते शिकवलेही जाते. परंतु त्या पुस्तकातील क्षय युरोपीय कादंबरीतला, पांढऱ्या रुमालावरचा आणि बहुतांशी इतिहासजमा झालेला आहे. आपल्याकडे क्षय इतिहासजमा झालेला नाही, आणि क्रोन्सशी त्याचे अगदी जवळचे नाते आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोघेही पुष्कळदा लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशीच घर करतात. लक्षणे सारखी, दुर्बिणीतून दिसणारे व्रणही पुष्कळदा सारखे. त्यामुळे भारतात अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधे देऊन पाहिली जातात आणि गुण आला नाही तर निदान क्रोन्सकडे वळते. उलट दिशेनेही धोका आहे: क्रोन्सवरील काही प्रभावी जैविक औषधे शरीरात दडून बसलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावी लागते. म्हणजे येथील रुग्णाला काही काळ आपल्या शत्रूचे नावही ठाऊक नसते. अशा माणसाला ‘लढ’ म्हणून सांगणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. त्याची पहिली गरज रणशिंगाची नसते, अचूक निदानाची असते. सोंटॅग शिकवताना हा आपल्या मातीतला संदर्भ वर्गात का येत नाही, असा आमचा प्रश्न आहे.

युद्धाच्या रूपकांइतकेच उपद्रवी असे दुसरे गद्य स्वयंपाकघरातून येते. क्रोन्स झाला असे कळताच घरात, शेजारात, लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाजवळ एक यादी तयार असते. मैदा सोड, दूध सोड, वांगे सोड, बाहेरचे सोड; कोरफड घे, गव्हांकुर घे, ताक घे, ताक घेऊ नकोस. यादीच्या तळाशी न लिहिलेले एक वाक्य असते: तू खाण्यात चुकलास म्हणून हे झाले. या वाक्याला आधार नाही. आनुवंशिकता, प्रतिकारशक्तीची विपरीत प्रतिक्रिया, आतड्यातील सूक्ष्मजीव आणि परिसर यांच्या गुंतागुंतीतून हा आजार उद्भवतो. आहाराचा त्यात काही वाटा असू शकतो, परंतु एखाद्याच्या वडापावावर खटला भरावा इतका पुरावा कोणाजवळ नाही. धूम्रपानाने क्रोन्स बिघडतो याला मात्र भक्कम पुरावा आहे. आणि गंमत अशी की वडापावावर व्याख्यान देणारे काका पुष्कळदा सिगारेट हातात धरूनच ते देतात.

याचा अर्थ आहाराला महत्त्व नाही असा नव्हे. उलट, आहाराचे महत्त्व यादीत मावत नाही इतके आहे. सर्व रुग्णांना सर्वकाळ लागू पडेल असा एकच ‘क्रोन्सचा आहार’ युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगत नाहीत. त्या सांगतात ते वेगळेच आहे: उद्रेकाच्या काळात शरीर प्रथिने झपाट्याने गमावते, म्हणून दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. शांततेच्या काळात साधारण एक ग्रॅम पुरते. साठ किलोच्या माणसासाठी उद्रेकात हे ७२ ते ९० ग्रॅम होतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, वाटीभर वरणात तितकेच किंवा थोडे कमी-अधिक, शंभर ग्रॅम मासळीत वीसच्या जवळपास. हिशेब करून पाहावा. आणि नेमक्या याच वेळी घरातले ‘हलके’ अन्न म्हणजे मऊ भात आणि त्यावरचे पातळ वरणाचे पाणी. अंडे ‘उष्ण’, मासळी ‘जड’, आणि दोन्ही ‘सात्त्विक’ नाहीत. ज्या शरीराला स्नायू टिकवायचे आहेत, त्याला सात्त्विकतेच्या नावाने उपाशी ठेवण्याचे पुण्य आपण जोडत असतो. शाकाहारी घरात पनीर, दही, सोया, सालीशिवायची मऊ शिजलेली मूगडाळ यांनी हे जमवता येते. परंतु त्यासाठी वजनकाटा आणि हिशेब लागतो, श्रद्धा नव्हे.

तंतुमय पदार्थांचेही तसेच. आतडे अरुंद झाले असेल तर मक्याचे कणीस, सालीसकट फळे, कच्च्या कोशिंबिरी, अख्खे दाणे अडकू शकतात. तेथे ते टाळणे हा व्यवहार आहे. परंतु अरुंदपणा नाही आणि आजार शांत आहे अशा माणसाला जन्मभर भाकरी आणि पालेभाजीपासून तोडणे हा व्यवहार नाही, ही शिक्षा आहे. आणि एक विरोधाभास पाहा. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे इतर सर्व अन्न बंद करून केवळ डब्यातल्या द्रव पोषणावर ठेवणे हा उद्रेक शमवण्याचा मान्य आणि पहिल्या पसंतीचा उपचार आहे. ‘घरचे तेच पथ्याचे, डब्यातले ते विषाचे’ असे मानणाऱ्या आजीला हे कसे सांगावे? दुसरीकडे, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही ठरावीक घरगुती पदार्थ आणि त्यांच्या जोडीला अंशतः तेच द्रव पोषण, या आहारानेही मुलांमध्ये चांगला परिणाम दिसला आणि मुलांना तो अधिक सोसवला. अन्न औषध होऊ शकते ते असे: मोजून, मुदत ठरवून, तपासणीखाली. चमत्कार म्हणून नव्हे.

‘पथ्य’ हा शब्दच आपण बिघडवून ठेवला आहे. आज त्याचा अर्थ मनाई. परंतु पाणिनीच्या एका सूत्रात ‘धर्म्य’, ‘पथ्य’, ‘अर्थ्य’ आणि ‘न्याय्य’ हे चार शब्द एकाच नियमाने सिद्ध होतात: जे धर्मापासून ढळले नाही ते धर्म्य, न्यायापासून ढळले नाही ते न्याय्य, तसे जे पथापासून ढळले नाही ते पथ्य. पथ्य म्हणजे वाट न सोडणे. वाट म्हटली की तीवरून चालणारा आला, चढ आला, वळण आले, मुक्कामही आला. उद्रेकातले पथ्य वेगळे, शांततेतले वेगळे, शर्यतीच्या आदल्या रात्रीचे वेगळे. शब्दाची व्युत्पत्ती सांगून मूळ अर्थ आजच्या माणसावर लादता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या शब्दात एवढी हालचाल दडली आहे, त्याची आपण पाटी करून दारावर टांगली, एवढे तरी मान्य व्हावे.

व्यायामाबाबतही दोन टोके आहेत आणि मधली वाट ओस आहे. एक टोक म्हणते, आजारी माणसाने पडून राहावे. हे चुकीचे आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, आजार शांत किंवा सौम्य असलेल्या ३२ रुग्णांपैकी काहींना तीन महिने, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास चालायला लावले. त्यांचे जगणे सुधारले आणि आजार भडकला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चाचणीत सहा महिने वजनांचे आणि उड्यांचे व्यायाम करणाऱ्या रुग्णांच्या कण्याच्या हाडांची घनता सुधारलेली आढळली. स्टिरॉइड आणि दाह या दोहोंनी ज्यांची हाडे पोखरली जातात, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. दुसरे टोक आपल्या तालमींच्या संस्कारातून येते: ‘मोडेन पण वाकणार नाही.’ हे घोषवाक्य भिंतीवर शोभते. ज्याच्या आतड्याला वाकावेच लागते, त्याने ते अंगी बाणवले तर तो खरोखरच मोडेल.

कारण या शरीराचे काही साधे नियम आहेत. जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे वळते आणि आतड्याचा पुरवठा घटतो. निरोगी धावपटूंचेही पोट त्याने बिघडते. सरावानंतर सांधे दुखले की खेळाडू ज्या गोळ्या सहज तोंडात टाकतात, त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या क्रोन्स भडकवू शकतात. धाप लागते ती तयारी कमी पडल्यामुळेच असे नाही. लोहाची कमतरता या आजारात फार आढळते. शिवाय फेरिटिन तीसच्या वर म्हणजे लोह पुरेसे, हा एरवीचा ठोकताळा दाह चालू असताना फसवतो. तेव्हा शंभरपर्यंतच्या आकड्यामागेही कमतरता दडलेली असू शकते. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तोंडावाटे पुरेसे शोषले जात नाही आणि इंजेक्शने घ्यावी लागतात. उद्रेक शमवण्यासाठी घेतलेले प्रेडनिसोलोन स्पर्धेच्या काळात उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध ठरते, आणि त्यासाठी वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा लागतो. एका धावपटूच्या आयुष्यात एवढे कागद, एवढे आकडे, एवढे निर्णय असतात. यांतला प्रत्येक निर्णय ‘जिद्द’ या शब्दाहून अधिक रोचक आहे, अधिक नाट्यमय आहे, आणि आपल्या गद्यात तो कोठेही नाही.

आणखी एक गोष्ट साचा गाळतो: रस्ता. क्रोन्स असलेल्या माणसाने पहाटे दहा किलोमीटर धावायला निघायचे तर त्याचा पहिला प्रश्न बुटांचा नसतो. वाटेत उघडे, पाणी असलेले शौचालय किती अंतरावर आहे, हा असतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००५ साली कायदा केला की अशा आजारांच्या रुग्णांना गरज पडल्यास दुकानांनी आपले कर्मचाऱ्यांचे स्वच्छतागृह वापरू द्यावे; पुढे इतर काही राज्यांनी तसेच कायदे केले. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांच्या सार्वजनिक मुताऱ्यांसाठी चळवळ उभी राहिली. ती क्रोन्ससाठी नव्हती, परंतु तिने आपल्याला शिकवले की शरीराची निकड हा नागरिकत्वाचा प्रश्न आहे. मात-कथा नेमकी याच्या उलट शिकवते. ती नगरपालिकेचा प्रश्न माणसाच्या मनोबलावर ढकलते. शौचालय नाही? जिद्द ठेव. विमा नाही? जिद्द ठेव. औषध परवडत नाही? जिद्द ठेव. या अर्थाने ती कथा निरुपद्रवी नाही. जबाबदारी असणाऱ्या सर्वांना ती एकाच वेळी मोकळे सोडते.

आमच्यावर आक्षेप येईल की माणसाला आशा लागते, आणि तुम्ही ती हिरावून घेत आहात. आक्षेप वजनदार आहे. रुग्णाच्या खोलीत, रात्री दोन वाजता, व्याकरण उपयोगी पडत नाही हे आम्हांला ठाऊक आहे. बेकरचे नाव ऐकून एखाद्या मुलीने पुन्हा पोहायला सुरुवात केली असेल, तर त्या नावाचे आम्ही उपकारच मानू. परंतु आशा आणि खोटे वचन यांत फरक करणे हे तर आपल्या विषयाचे काम आहे. ‘तू बरी होशील’ हे वचन आहे. ‘बरे नसतानाही तुझ्या वाट्याला चांगले दिवस येतील, आणि ते वाढवण्याचे काही मार्ग माणसांनी शोधून ठेवले आहेत’ ही आशा आहे. दुसरे वाक्य लांब आहे, मथळ्यात बसत नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की रूपकाशिवाय भाषा चालत नाही. सोंटॅग यांनीही पुढे हे मान्य केले. बरोबर आहे. म्हणून आम्ही रूपकबंदीची मागणी करीत नाही; रूपक नीट निवडा, एवढेच म्हणतो. आखाड्याचेच हवे असेल तर मराठीत तेही आहे. निकाली कुस्ती सर्वांना आवडते. परंतु काही कुस्त्या बरोबरीत सोडवल्या जातात. प्रेक्षक हिरमुसतात, हलगी थांबते, दोन्ही पैलवान अंगाची माती झटकून उठतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीत येतात. क्रोन्ससह जगणारा खेळाडू रोज संध्याकाळी अशी बरोबरीत सुटलेली कुस्ती करून घरी येतो. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ म्हणणाऱ्या समाजाला रोज जगणाऱ्याचे कौतुक करायला शिकवणे, हे गद्याचे काम असू शकेल.

तेव्हा शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आमची विनंती साधी आहे. पुढच्या वेळी असा मजकूर वर्गात आला, पाठ्यपुस्तकात असो वा कात्रणात, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. यातील क्रियापदे कोणत्या काळात आहेत, आणि आजारही त्याच काळात आहे काय? या कथेतून कोणाला गाळले आहे: डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाक करणारी बाई, विमा कंपनी, नगरपालिका? आणि या माणसाने त्या दिवशी नेमके काय खाल्ले? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचे उत्तर ज्या लेखकाला ठाऊक नसते, त्याला त्या माणसाविषयी फारसे काही ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे.

‘मात’च्या जागी काय लिहावे, असे कोणी विचारील. मराठीत एक जुना, घरगुती शब्द आहे: उतार. ‘तापाला उतार पडला’ असे आपली आजी म्हणत असे. ताप गेला असे ती म्हणत नसे. रात्री पुन्हा कपाळाला हात लावून पाहायची. क्रोन्सच्या शांत काळासाठी याहून प्रामाणिक शब्द आम्हांला सापडलेला नाही. शिवाय तो धावणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. घाटातला उतार चढापेक्षा सोपा असतो, पण गुडघ्यांची खरी परीक्षा तोच घेतो. तेथे पाऊल मोजून टाकावे लागते. मथळा असा द्यावा: अमुक आजाराला उतार, तमुक सरावाला परत. चार लोक कमी वाचतील. पण ज्याच्याविषयी लिहिले, त्याला पुढच्या उद्रेकाच्या वेळी ते कात्रण लपवून ठेवावे लागणार नाही.